पांखरांची पाठशाळा

संस्कृत वाङ्मयांत कोकिळास 'परभृत' म्हटलें आहे, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. कावळ्याच्या घरट्यांत वाढूनहि तो मोठेपणीं कावकाव करीत नाहीं. त्याचा स्वर उपजत असतो. उलट, ऑस्ट्रेलियांतील झेब्रा फिंच या इवल्या पक्ष्याचें नर पिल्लू माणसाळलेल्या मनोलीच्या घरट्यांत वाढविलें, तर तें पालक पित्याचेंच गाणें उचलतें. म्हणजे त्याचें गाणें ही जन्मानें मिळालेली वस्तु नसून विद्या आहे. अंड्यामुळें पक्ष्यास 'द्विज' म्हणतात. या पांखरास तर गुरुगृहहि आहे!

पहिल्या सुमारें तीन महिन्यांत त्याचें सारें अध्ययन आटोपतें. पिल्लू आधीं नुसतें ऐकतें, मग अडखळत बडबडतें, स्वतःचा स्वर आठवणींतील पाठाशीं ताडून पाहतें, आणि वयांत येतां येतां तो पाठ कायम होतो. एका जातीच्या चिमणीवर प्रयोग करून मासाकाझू कोनिशी यांनीं १९६५ सालीं दाखविलें कीं, गुरूचें गाणें ऐकून झाल्यावरहि पिल्लाचें श्रवण नष्ट झालें, तर त्यास तें नीट गातां येत नाहीं. मनुष्याचें मूल बोलावयास शिकतें तें असेंच. म्हणूनच शास्त्रज्ञ या पांखरांच्या मागें लागले आहेत.

पुण्यास २००६ सालीं स्थापन झालेल्या 'आयसर' संस्थेंत डॉ. राघव राजन यांनीं हाच अभ्यास चालविला आहे. गाण्यापूर्वीं झेब्रा फिंच एक लहानसा स्वर पुन्हा पुन्हा काढतो. तो स्वर क्रमाक्रमानें ठराविक रूपास आला कीं गाणें सुरू होतें. ही गायनाची सिद्धताच असावी, असें राजन व ॲलिसन डूप यांनीं २०१३ सालीं मांडलें. गवयानें आधीं षड्ज लावावा, तसेंच हें नव्हे काय?

आपल्या छत्रपति संभाजीनगरच्या पदवीधरांस हा मार्ग मोकळा आहे. एम्.एस्सी. करून जीवशास्त्राची 'नेट' परीक्षा देऊन छात्रवृत्ति मिळविल्यास, जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराप्रमाणें पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये मिळतात. गाणें हा ध्वनि असल्यामुळें गणित व पदार्थविज्ञान जाणणारासहि येथें काम आहे.

तथापि घरांतील वडील मंडळींच्या मनांत दोन शंका येतात, व त्या रास्त आहेत. पहिली पोटाची. डॉक्टरेटला पांच-सहा वर्षें लागतात आणि पुढें कायमची जागा मिळेलच असें नाहीं. हें मुलास किंवा मुलीस स्पष्ट सांगावें. परंतु 'पांखरांच्या मागें कोण लागतो' असें हिणवूं नये. विशेषतः मुलीचें लग्न पुढें करून तिची ही वाट अडवूं नये, असें आमचें निक्षून सांगणें आहे.

दुसरी शंका हिंसेची. मेंदूच्या अभ्यासांत पक्ष्यावर शस्त्रक्रिया करावी लागते; त्यासाठीं नीतिसमितीची परवानगी घ्यावी लागते, पण तेवढ्यानें प्रत्येकाच्या मनाचें समाधान होईल असें नाहीं. ज्याचें होत नसेल त्यानें संकोच न धरतां रानांतील पक्ष्यांच्या स्वरांचा अभ्यास निवडावा. तिरुपतीच्या 'आयसर'मध्यें डॉ. व्ही. व्ही. रॉबिन सह्याद्रीच्या दक्षिणेकडील शोला अरण्यांतील पक्ष्यांच्या गाण्यांवर तसें काम करतात.

आपल्या शहरांतील सरोवरास ज्यांचें नांव दिलें आहे, ते सलीम अली (१८९६–१९८७) विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. किहीम येथें सुगरण पक्ष्याची वीण त्यांनीं तासन् तास बसून पाहिली. आज पदवीवांचून या शाळेचें दार उघडत नाहीं. परंतु आंत गेल्यावर लागते ती तीच चिकाटी. ती आहे कीं नाहीं, हें फी न भरतांहि कळतें. येत्या उन्हाळ्यांत दयाळ पक्षी भल्या पहांटे गाऊं लागेल, तेव्हां मुलानें वही घेऊन रोज त्याचे स्वर टिपावे. महिनाभर वहींत खंड पडला नाहीं, तर वडिलांनीं खुशाल संमति द्यावी.