यंत्राची स्मृती आणि माणसाची खासगी



शब्दाचा अर्थ बदलतो, तेव्हा पुष्कळदा त्यामागे समाजातील अधिकारांची फेरवाटणी झालेली असते. ‘खासगी’ हा शब्द याचे बोलके उदाहरण आहे. मूळ अरबी ‘खास’ या शब्दापासून तो फारसीच्या वाटेने मराठीत आला. मराठेशाहीच्या कारभारात ‘खासगी’ म्हणजे राजाच्या किंवा सरदाराच्या घराण्याचा स्वतंत्र विभाग. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ यांचे हिशेब वेगळे ठेवले जात, आणि अहिल्याबाईंनी देशभर केलेल्या धर्मकार्याचा खर्च खासगीतून होत असे. कारभाराच्या भाषेत खासगी ही थोरामोठ्यांची बाब होती. आज मात्र आपण सहज म्हणतो, “ही माझी खासगी बाब आहे.” राजवाड्यातील एका खात्याचे नाव सामान्य माणसाचा हक्क सांगू लागले, हा अर्थविस्तार लोकशाहीने घडवला.

या हक्कावर कायद्याची स्पष्ट मोहोर उमटायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले. त्यामागच्या वादाचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातून जातो. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले. पुढे आधार योजनेला निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या सुनावणीत, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला की, तो मूलभूत हक्क असून त्याचे मूळ राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीत आहे.

हा हक्क मिळून दहा वर्षेही झाली नाहीत, तोच त्याच्यासमोर नवा प्रश्न उभा राहिला आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या नव्या संगणकांसाठी ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. ती सुरू असेल तर संगणक दर काही सेकंदांनी स्वतःच्या पडद्याचे चित्र टिपतो, त्यातील मजकूर ओळखतो आणि साठवून ठेवतो. पुढे केव्हाही “मागच्या आठवड्यात पाहिलेला तो तक्ता” असे साध्या शब्दांत विचारले की, तो क्षण समोर येतो. सुरक्षातज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा हा साठा पुरेसा संरक्षित नसल्याचे दिसून आले. टीका वाढल्यावर जून २०२४ मध्ये कंपनीने ही सोय लांबणीवर टाकली. साठा कूटबद्ध करणे, वापरकर्त्याने स्वतः सुरू केल्याशिवाय ती चालू न होणे, असे बदल करून एप्रिल २०२५ पासून ती उपलब्ध करून देण्यात आली. टिपलेली चित्रे त्या संगणकातच राहतात, आपल्याकडे येत नाहीत, असे कंपनी सांगते.

या सोयीची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. हरवलेले टिपण किंवा विसरलेले संकेतस्थळ शोधताना होणारी दमछाक आपण सर्वांनी अनुभवली आहे. कंपनीने केलेल्या सुधारणाही महत्त्वाच्या आहेत. तरीही त्या सुधारणांमागे एक गृहीतक दडलेले आहे: एक संगणक, एक माणूस आणि त्या एका माणसाची संमती. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे.

परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावाचा विचार करा. येथे संगणक बहुधा अनेकांच्या उपयोगाचा असतो. सेवा केंद्रातील एकाच पडद्यावर सकाळी कोणाचा सातबारा उघडतो, दुपारी कोणाच्या पीक विम्याचा अर्ज भरला जातो, संध्याकाळी एखाद्या विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, तिचे जातप्रमाणपत्र, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक दिसते. भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी चारचौघांत मोठ्याने सांगितला जातो. अशा संगणकावर सर्व काही टिपणारी सोय सुरू असेल, तर तिला संमती कोणी दिलेली असेल? संगणकाच्या मालकाने. नोंद मात्र त्या शेतकऱ्याची आणि त्या विद्यार्थिनीची होईल. ही महागडी यंत्रे आज गावोगाव पोहोचलेली नाहीत, हे खरे आहे. पण शहरात आज नवलाईची असलेली वस्तू काही वर्षांत बाजाराच्या गावी येते, हे भ्रमणध्वनीच्या बाबतीत आपण पाहिले आहे.

एकाच माणसाचा संगणक असला तरी प्रश्न सुटत नाही. पत्रव्यवहार नेहमी दोघांचा असतो. तुमच्या मैत्रिणीने विश्वासाने लिहिलेला मजकूर तुमच्या पडद्यावर उमटतो, तेव्हा तुमच्या संमतीने तिचे शब्द साठवले जातात. हाच धोका ओळखून ‘सिग्नल’ या संदेशसेवेने मे २०२५ मध्ये आपल्या संगणकीय आवृत्तीत अशी चित्रे टिपता येऊ नयेत, अशी तरतूद केली.

मराठीच्या अभ्यासकाला येथे ‘लीळाचरित्रा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. एका माणसाचे चालणे, बोलणे, जेवण, आजारपण, प्रवास हे सारे बारकाईने नोंदवणारा हा ग्रंथ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केला. मग नोंदीचे आपल्याला एवढे भय का वाटावे? भेद नोंदीच्या रीतीत आहे. म्हाइंभट चक्रधरांच्या सहवासातील माणसांकडे गेले, त्यांना विचारले, त्यांचे ऐकले. सांगणाऱ्याला काय सांगावे आणि काय मनात ठेवावे, हे ठरवण्याची मोकळीक होती. एकाच प्रसंगाविषयी आठवणी वेगळ्या असतील, तर तो भेदही जपला गेला. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत ठेवले. कोणी वाचावे, हेही त्या समूहाने स्वतः ठरवले. माणसाच्या स्मृतीत निवड असते, विस्मरण असते आणि सांगणाऱ्याची जबाबदारी असते. यंत्र न विचारता टिपते. त्याच्या लेखी महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे, सांगण्याजोगे आणि झाकण्याजोगे हे सारखेच.

यावर एक उत्तर हमखास ऐकू येते: ज्याने काही वावगे केले नाही, त्याने कशाला घाबरावे? आपल्याकडे ‘चोराच्या मनात चांदणे’ ही म्हणही तयार आहे. परंतु दार लावून घेणारा प्रत्येक जण चोर नसतो. आजाराविषयी माहिती शोधणारी स्त्री, सासरच्या त्रासाबद्दल माहेरी लिहिणारी मुलगी, नोकरी बदलण्याचा विचार करणारा कर्मचारी, कर्जाचा हिशेब मांडणारा शेतकरी यांपैकी कोणाचाही काही अपराध नाही. तरीही ही माहिती नवरा, मालक, सावकार किंवा शेजारी यांच्या हाती पडली, तर त्यांचे नुकसान होऊ शकते. ज्याच्याकडे सत्ता कमी, त्याला खासगीपणाची गरज अधिक.

भाषेच्या अंगानेही हा प्रश्न पाहा. अमेरिकी भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी ‘निरीक्षकाचा विरोधाभास’ ही संकल्पना मांडली. कोणी लक्ष ठेवत नसताना माणसे कशी बोलतात, हे भाषाभ्यासकाला जाणून घ्यायचे असते. पण ते जाणण्यासाठी त्याला लक्ष ठेवावे लागते, आणि लक्ष ठेवताच बोलणे बदलते. ध्वनिमुद्रक समोर ठेवला की, घरी वऱ्हाडी किंवा मराठवाडी बोलणारा माणूस पुस्तकी मराठीकडे वळतो, हा क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. आता कल्पना करा की, हा निरीक्षक कायम आपल्या मेजावर आहे. आपण लिहिलेले आणि खोडलेले प्रत्येक वाक्य टिकणार असेल, तर कच्चा मसुदा लिहिण्याचे धाडस कोण करील? विचाराला आकार येण्यापूर्वी तो बराच काळ अर्धवट, चुकीचा, कधी हास्यास्पदही असतो. खोडलेले खोडलेलेच राहील, ही खात्री लेखनाची पहिली अट आहे.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी, असे म्हटले आहे. संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे, अशी तरतूद आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांनी तिचे मोल ओळखावे. न समजलेल्या भाषेत दाबलेले ‘मान्य आहे’ हे बटण म्हणजे संमती नव्हे. मात्र व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. घरातील संगणकावर घरातल्याच दुसऱ्या माणसाची नोंद होत असेल, तर हा कायदा मदतीला येणार नाही.

म्हणून माझे मत असे की, नोंद करण्याचा निर्णय केवळ यंत्राच्या मालकाचा असता कामा नये. ज्याची माहिती आणि ज्याचे शब्द आहेत, त्याचाही त्यात अधिकार हवा. अनेकांच्या वापराच्या संगणकावर अशी सोय बंदच असावी आणि ती बंद असल्याचे मराठीत ठळकपणे लिहिलेले असावे. केंद्रात अर्ज भरून झाल्यावर आपली कागदपत्रे त्या संगणकातून काढून टाकली का, हे तुम्ही निःसंकोच विचारावे. असे विचारणे म्हणजे केंद्रचालकावर अविश्वास दाखवणे नव्हे. पैसे मोजून घेण्याइतकी ती साधी गोष्ट आहे. घरात एकच भ्रमणध्वनी वा संगणक असेल, तर दुसऱ्याचे संदेश न उघडण्याचा शिरस्ता पाळावा. कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे हा शिरस्ताच कामी येतो.

एके काळी खासगी ही ज्याच्या पदरी दौलत असे त्याची असायची. ती आता सर्वांची झाली आहे. ती पुन्हा यंत्राच्या मालकाकडे जाऊ द्यायची की नाही, हे आपण ठरवायचे आहे.