‘बीसीएम गेलं’ म्हटलं की लगेच हो म्हणू नका

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की खामगावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनांकडे एकाच तऱ्हेच्या तक्रारी घेऊन गाड्या येऊ लागतात. वायपर आपोआप फिरतो. किल्ली काढली तरी आतला दिवा जळत राहतो. रिमोट दाबला तर चारपैकी तीनच दरवाजे लॉक होतात. रात्री धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी सेल्फच उचलत नाही. मग स्कॅनर लागतो, पडद्यावर यू ०१४० असा एखादा कोड उमटतो आणि सांगितलं जातं, "भाऊ, बीसीएम गेलं, बदलावं लागते." आकडा हजारोंच्या घरातला असतो. तेव्हा हो म्हणण्याआधी थोडं थांबा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, काचा, सेंट्रल लॉक ही सगळी कामं त्याच्याकडे असतात आणि पुष्कळ गाड्यांत किल्लीची ओळख पटवण्याचं कामही तेच करतं. जुन्या गाडीत बटण दाबलं की करंट बटणातून किंवा रिलेतून सरळ दिव्याकडे जायचा. आता बटण फक्त निरोप देतं आणि दिवा लावायचा की नाही हे मॉड्यूल ठरवतं. गाडीतली वेगवेगळी मॉड्यूल एकमेकांत गुंडाळलेल्या दोन बारीक तारांवरून आपसांत बोलतात. बॉश कंपनीनं ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली आणि आज साध्या हॅचबॅकमध्येही तीच असते.

आता त्या कोडकडे बघू. यू ०१४० म्हणजे बाकीच्या मॉड्यूलांना बीसीएमकडून उत्तर मिळत नाही, एवढंच. एखाद्याचा फोन लागला नाही म्हणजे माणूस गेला, असं आपण धरत नाही. बॅटरी उतरली असेल, रेंज नसेल, तार तुटली असेल. इथंही तेच आहे. मॉड्यूलला करंट मिळत नसेल, अर्थ सुटला असेल, कपलरमध्ये पाणी गेलं असेल किंवा खरोखर मॉड्यूल बिघडलं असेल. कोड एकच, कारणं चार, आणि त्यातली तीन कारणं थोडक्या खर्चात मिटणारी असतात.

म्हणून पहिली तपासणी बॅटरीची. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात बॅटरीचं आयुष्य झिजतं आणि पावसाळ्यात ते उघडं पडतं. गाडी काही तास उभी राहिल्यावर भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत आणि इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर मॉड्यूल चुकीचं वागणारच. त्यात त्याचा दोष नाही.

दुसरी तपासणी अर्थची, आणि हीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. हेडलाइट चालू ठेवायचे, मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टवर धरायची. फरक एक-दोन दशांश व्होल्टच्या वर गेला, तर बोल्ट सोडवून, खालचा गंज घासून पुन्हा घट्ट करायचा. खर्च जवळजवळ शून्य.

तिसरी तपासणी पाण्याची. इथं मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण पावसाळ्यातली अर्धी कहाणी इथंच असते. समोरच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जाळीदार प्लास्टिकची पट्टी असते. काचेवरून ओघळलेलं पाणी तिच्याखालच्या पन्हाळीत पडतं आणि दोन्ही कडांच्या भोकांतून खाली निघून जातं. गाडी कडुनिंबाखाली उभी करायची सवय असेल, तर उन्हाळाभर पडलेली पानं, मोहोर आणि धूळ यांचा गाळ त्या भोकांत बसतो. मग पन्हाळ तुंबते आणि पाणी वायरिंगच्या रबरी बुचाच्या कडेनं डॅशबोर्डच्या आत उतरतं. पुष्कळ गाड्यांत बीसीएम आणि आतला फ्यूज बॉक्स नेमके तिथंच, ड्रायव्हरच्या गुडघ्यावर असतात. कपलर ओढून काढला की दिसतं: एखाद्या पिनेवर हिरवट पांढरी भुकटी चढलेली, शेजारच्या पिनेचं प्लास्टिक करपून तपकिरी झालेलं. पायाखालचं मॅटिंग वरून कोरडं वाटलं तरी त्याखालच्या फोममध्ये हात घाला, ओल लागेल. अशा वेळी नवं मॉड्यूल बसवलं आणि पन्हाळ तशीच तुंबलेली ठेवली, तर पुढच्या मोठ्या पावसात नवंही जाईल. आधी पाण्याची वाट बंद करा, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, सगळं नीट सुकू द्या आणि मगच निकाल द्या.

चौथी गोष्ट आपण स्वतः ओढवून घेतो. जास्तीचे एलईडी दिवे, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टीम, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक. रिले न टाकता, मूळ वायर सोलून, वर टेप गुंडाळून केलेली जोडणी मॉड्यूलच्या पोटावर भार टाकते. तक्रार आली की आधी अशी प्रत्येक जोडणी सोडवायला सांगा आणि मग गाडी कशी वागते ते बघा. कापसाच्या, सोयाबीनच्या गोदामाजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधायला सांगा. आणि इंडिकेटर नुसता भराभर टिकटिकत असेल, तर बहुतेक वेळा एक बल्ब गेलेला असतो. त्यासाठी कुणी मॉड्यूलचं नाव काढलं तर सरळ दुसरीकडे जा.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर गाडी लॉक करून अर्धा तास सोडावी लागते. सगळी मॉड्यूल झोपल्यावर उरलेला करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत चोर पकडायचा. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याची मजुरी द्यायला मागेपुढे पाहू नये. शोधायला लावायचं आणि पैसे मात्र पार्टचेच द्यायचे, ही आपली सवय मेकॅनिकला पार्ट बदलायला भाग पाडते.

हे सगळं बघून झालं, करंट आणि अर्थ मॉड्यूलच्या पिनेपर्यंत नीट पोचतात, तारा सलग आहेत, तरी ते गप्प आहे, तर मात्र ते गेलं असं मानायला हरकत नाही. तेव्हाही विचारा, की आतला रिले किंवा सुटलेलं सोल्डरिंग दुरुस्त होतं का. मोठ्या शहरांत हे काम करणारे कारागीर आहेत.

बदलायचंच ठरलं तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. मॉडेल तेच असून चालत नाही, व्हेरियंटही तोच हवा. नाहीतर मागचा वायपर किंवा फॉग लॅम्प मुका राहतो. जुनं मॉड्यूल थोडंफार बोलत असेल तर त्यातली माहिती आधी उतरवून घ्यायला सांगा. नव्यात कोडिंग करावं लागतं आणि किल्ल्या पुन्हा ओळखवाव्या लागतात, म्हणून घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. कपाटात राहिलेली किल्ली नंतर गाडी सुरू करणार नाही. कोडिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर नवं मॉड्यूल तिथंच निकामी होऊ शकतं, म्हणून बॅटरीला स्थिर पुरवठा देणारा चार्जर लावलाय की नाही ते डोळ्यांनी बघा. भंगारातून आणलेलं मॉड्यूल स्वस्त पडतं खरं, पण त्यात दुसऱ्याच गाडीच्या किल्ल्या आणि नंबर असतात. काही गाड्यांत ते पुसताच येत नाहीत. इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही, हेही पैसे मोजण्याआधीच ध्यानात घ्या.

कागदांचं थोडक्यात सांगतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत आपोआप झालेला इलेक्ट्रिकल बिघाड धरला जात नाही. उंदीर किंवा पुराचं पाणी हे कारण असेल तर पॉलिसी वाचा आणि वायरला हात लावण्याआधी विमा कंपनीला कळवा, फोटो काढा. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर वायर कापू देऊ नका. पण बाहेर नुसतं तपासून घेतलं म्हणून सगळी वॉरंटी गेली, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कारकंपन्यांना बजावलं, की बाहेरच्या मेकॅनिककडे गेल्याच्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, आणि सुटे भाग व तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही मिळावीत. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलं झाली, तरी हे तत्त्व ग्राहकानं ठाऊक ठेवावं.

बिलावर पार्ट नंबर, कोडिंगची मजुरी आणि पार्टची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. काढलेलं मॉड्यूल आपल्या ताब्यात मागा. वॉरंटीत बदललं असेल तर ते कंपनीकडे जातं, पण पैसे तुम्ही मोजले असतील तर ते तुमचं आहे. बदलूनही तीच तक्रार राहिली आणि कुणी दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बुलडाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. तिथं जुनं मॉड्यूल, स्कॅनरच्या पडद्याचे बदलण्याआधीचे आणि नंतरचे फोटो आणि ते सविस्तर बिल, एवढं तुमच्या हातात असलं पाहिजे.