शंभर तासांनंतरची सही

भाड्याने प्रवासी नेणाऱ्या किंवा मोबदला घेऊन उड्डाण शिकविणाऱ्या छोट्या विमानाची दर शंभर उड्डाण-तासांनी तपासणी व्हावी, असा अमेरिकेतील सर्वसाधारण नियम आहे. तपासणीच्या ठिकाणी पोहोचण्यापुरती दहा तासांची सवलत मिळते. पण तेही तास पुढच्या शंभरांतून वजा होतात. नियमकर्त्यांना मनुष्यस्वभावातील चालढकल चांगलीच ठाऊक असावी.

ही तपासणी म्हणजे विमानाला प्रदक्षिणा घालून वहीत सही करणे नव्हे. आधी झाकणे उघडून विमान व इंजिन स्वच्छ करावे लागते, कारण मळाखालची चीर दिसत नाही. तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचे कण अडकले आहेत काय, हे पाहतात. सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून ती कोठून निसटते ते कान लावून ऐकतात : एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर दोष झडपेत, क्रँककेसमधून आली तर पिस्टनच्या कड्यांत. नियंत्रणाच्या तारांवरून फडके फिरवितात. तुटलेला धागा त्याला अडकतो. बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, आणि तपासणाऱ्याची नजर सैल पडते ती त्यामुळेच.

१९ डिसेंबर २००५ रोजी मायामीहून बिमिनी बेटाकडे निघालेल्या चॉक्स कंपनीच्या ग्रुमन मॅलार्ड या जलविमानाचा उजवा पंख उड्डाणानंतर लगेच तुटून पडला. वीसही जण ठार झाले. विमान १९४७ साली बांधलेले. त्याची देखभाल शंभर तासांच्या नियमाने नव्हे, तर कंपनीच्या स्वतःच्या कार्यक्रमानुसार होत असे. पंखातून इंधन वारंवार गळत होते; दुरुस्त्या झाल्या, पण आतली भेग वाढतच राहिली. चौकशी मंडळाने कंपनीच्या देखभाल-कार्यक्रमाला दोष दिला आणि ती उणीव न ओळखणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही.

अशा वेळी मेकॅनिकला फासावर चढविणे सोपे असते. पण सही करणारा हा पगारी नोकर असतो आणि जमिनीवर उभे राहिलेले विमान मालकाला छदामही मिळवून देत नाही. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसेल, तर त्याच्या ‘होय’ला कारकुनी शिक्क्याइतकीच किंमत उरते. भारतातही परवानाधारक अभियंत्याच्या प्रमाणपत्राशिवाय दुरुस्त विमान सेवेत परतत नाही. गोंदिया-बारामतीसारख्या ठिकाणी मुलांना वैमानिक होण्यास धाडणारे पालक शुल्क विचारतात, उड्डाणाचे तास विचारतात. गेल्या वर्षी अभियंत्याने किती विमाने रोखली, हे सहसा कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत तपासणीत विमान अयोग्य ठरले, तर दोषांची सही-तारखेसह यादी मालकाच्या हाती द्यावी लागते. निरीक्षकांनी हँगरमध्ये शिरताच प्रथम अशा नकारांचीच नोंद मागावी. आणि जेथे वर्षानुवर्षे एकही नकार नोंदला गेलेला नाही, तेथील विमानांची झाकणे आपल्यासमोर उघडवून घ्यावीत.