मर्यादा ओलांडली कोणी?



'विनयभंग' हा शब्द आपल्या इतका सरावाचा झाला आहे, की त्याच्याकडे थांबून पाहणे राहूनच जाते. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३५४ मध्ये यासाठी 'आउटरेज' हे इंग्रजी क्रियापद होते. ऐकताना वाटते, त्यात 'रेज' म्हणजे संताप दडला असावा. तसे नाही. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'अल्ट्रा' आहे. अल्ट्रा म्हणजे पलीकडे. हद्दीपलीकडे जाणे, हा त्याचा मूळ अर्थ.

म्हणजे क्रियापद बोट दाखवते ते हद्द ओलांडणाऱ्याकडे. पण कायद्याने त्याला जोडले बाईचे 'विनयशील' असणे, आणि मराठीत तर भंगतो तो तिचाच विनय! मग तपासणीही तिचीच. हा पेच किती टोकाला जातो, ते १९६६ च्या मेजर सिंग खटल्यात दिसले. साडेसात महिन्यांच्या बालिकेला 'विनय' असतो का, यावर सर्वोच्च न्यायालयात खल झाला. असतो, असा निकाल लागला. पण तोही एकमताने नव्हे.

आपल्या औरंगाबाद खंडपीठापुढचे उदाहरण घ्या. जालना जिल्ह्यात २०१४ साली नवरा गावी नसताना शेजारी रात्री घरात शिरला, झोपलेल्या बाईच्या पायथ्याशी बसला आणि त्याने तिच्या पायाला हात लावला. दाराला आतून कडी नव्हती, हा त्याच्या बचावातला एक मुद्दा! डिसेंबर २०२१ मध्ये खंडपीठाने शिक्षा कायम ठेवली. संमतीवाचून, तेही अपरात्री, परक्याने बाईच्या अंगाच्या कोणत्याही भागाला केलेला स्पर्श हा विनयभंगच, असे बजावले. न्यायालयाने कडीकडे नव्हे, त्याच्या हाताकडे पाहिले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा ७४ झाला, शब्द तोच राहिला. तो बदलावा ही मागणी आपण करत राहूच. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. 'माझा विनयभंग झाला' या वाक्यात करणारा कुठेच नाही. म्हणून मैत्रिणीबरोबर ठाण्यात जाल, तेव्हा तक्रार एवढ्यावर थांबू देऊ नका. तो कुठून आला, काय बोलला, कुठे हात लावला, ती 'नको' म्हणाली तेव्हा त्याने काय केले, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला लावा. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही.

प्रत्येक वाक्यात 'त्याने' हा शब्द आला पाहिजे. हद्द त्याने ओलांडली आहे.