दोघांचं ठीक, दहांचं काय?

मार्च २०२१मध्ये बडोद्यापासून शंभरेक किलोमीटरवर, अहमदाबादेत, इस्रोच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने दोन इमारतींमधल्या ३०० मीटर मोकळ्या हवेतून क्वांटम किल्ली, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणारी गुप्त संख्या, एकेकट्या फोटॉनांवर (प्रकाशकणांवर) लादून पाठवली आणि तिच्या आधारे व्हिडिओवर बोलणंही केलं. प्रयोग रात्रीचा, कारण उन्हात एकेकटे फोटॉन हुडकणार कसे? मधल्या मध्ये कोणी हे फोटॉन मोजू पाहिले, तर त्यांची अवस्था बिघडते, चुका वाढतात, चोरी उघडी पडते आणि ती किल्ली टाकून देता येते. मजकूर मात्र नेहमीच्याच मार्गाने जातो, हे उत्साही बातम्यांत हमखास राहून जातं.

पण हा झाला दोघांतला मामला. महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने १९०८ साली बडोद्यात उभ्या राहिलेल्या बँक ऑफ बडोदाच्या फक्त दहा शाखा घ्या. प्रत्येक जोडीला वेगळी किल्ली द्यायची, तर पंचेचाळीस लागतील. मध्ये केंद्र ठेवून किल्ल्या पुढे पोचवता येतात; पण मग त्या केंद्राला सगळ्या किल्ल्या ठाऊक! तीन-चार फोटॉन एकमेकांत गुंतवून तितक्या जणांना एकदमच सामाईक किल्ली देता येते, मात्र असे फोटॉन जुळवणं आणि टिकवणं फार जिकिरीचं. राष्ट्रीय क्वांटम मिशनचे सहा हजार कोटी नुसतं किल्ली पाठवण्याचं अंतर वाढवण्यात संपू नयेत. अशा मधल्या केंद्रावर किती विश्वास टाकायचा, हे आमच्या मते आधी ठरावं.