संशोधनासाठी पैसा कोण देणार?

केंद्र सरकारने २०२३ साली कायदा करून अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचे आहेत. त्यांतले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग, न्यास आणि दानशूरांकडून, यावेत अशी अपेक्षा आहे.

दानातून संशोधन आपल्याकडे नवे नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था (१९०९) जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभी राहिली. पण मोठा देणगीदार सहसा नावाजलेल्या संस्थेकडे आणि लवकर फळ देणाऱ्या विषयाकडे वळतो. मग १९६४ साली स्थापन झालेल्या आपल्या जीवाजी विद्यापीठासारख्या राज्य विद्यापीठांच्या वाट्याला काय येणार? शिंदेकालीन मोडी कागद वाचणाऱ्या अभ्यासकाला कोणता उद्योगपती पैसे देणार?

इथे आपल्यालाच पुढे व्हावे लागेल. घरातील थोरांच्या स्मरणार्थ आपण पारितोषिके ठेवतोच. चार-पाच कुटुंबांनी मिळून मोडीच्या अभ्यासासाठी एक शिष्यवृत्ती ठेवली तर? मात्र एक पथ्य पाळावे: विषय आपण सुचवावा, निष्कर्ष अभ्यासकाचाच असावा. आपल्या पूर्वजांविषयी न रुचणारे काही निघाले, तरीही.