विश्लेषण : समोर माणूस की बॉट? ब्लॉकचेनवरील पत्त्यांच्या खेळांपुढे पेच काय?

‘खेळा आणि कमवा’ असे सांगत आलेल्या ब्लॉकचेनवरील पत्त्यांच्या खेळांत समोर बसलेला खेळाडू माणूस आहे की संगणकीय प्रोग्राम, हा प्रश्न कळीचा ठरला आहे. बॉटना हाकलले तर डाव मांडायला प्रतिस्पर्धी मिळत नाहीत आणि मोकळे सोडले तर माणसे खेळ सोडतात. ‘स्प्लिंटरलँड्स’ या खेळात हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

हा खेळ नेमका काय?

२०१८मध्ये तो ‘स्टीम मॉन्स्टर्स’ नावाने स्टीम या ब्लॉकचेनवर सुरू झाला. २०२०मध्ये स्टीममध्ये फूट पडून ‘हाइव्ह’ ही नवी ब्लॉकचेन निघाली आणि खेळ तिकडे गेला. यातले पत्ते खेळाडूच्या मालकीचे असतात. ते विकता येतात, भाड्यानेही देता येतात. जिंकल्यावर टोकनच्या रूपात बक्षीस मिळते आणि टोकनला बाजारात भाव असतो. म्हणजेच प्रत्येक विजयाची काही ना काही किंमत असते.

बॉटना तो सोपा का जातो?

रमीत प्रत्येक पानाला विचार करावा लागतो. इथे निर्णय एकदाच, लढाईआधी घ्यायचा. ठरलेल्या मर्यादेत एक म्होरक्या आणि जास्तीत जास्त सहा योद्धे निवडायचे; पुढची लढाई आपोआप पार पडते. आधीच्या लढायांच्या नोंदी खुल्या असतात. कोणत्या नियमांत कोणता संघ जिंकतो, हे प्रोग्राम त्यातून क्षणात शोधतो. हाइव्हवर प्रत्येक व्यवहाराला शुल्क नाही. शिवाय तिथे रोजच्या वापराची आणि पैसे पाठवण्याची डिजिटल चावी वेगवेगळी असते. त्यामुळे पैशाची चावी स्वतःकडे ठेवून खेळ बॉटच्या हाती सोपवता येतो.

नुकसान कोणाचे?

बक्षिसांची रक्कम ठरलेली असते. वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. एकाच व्यक्तीने अनेक खाती बॉटकरवी चालवली, तर त्यातला मोठा हिस्सा तिच्याकडे जातो. मिळालेली टोकन लगेच विकली गेली की भावही पडतो. खिशातले पैसे घालून पत्ते घेतलेला, रोज तासभर हौसेने खेळणारा माणूस दोन्हीकडून मार खातो.

मग सरसकट बंदी का नाही?

याची तीन कारणे आहेत. पहिले, बॉट चालवणारेही पत्ते विकत किंवा भाड्याने घेतात. ते गेले तर पत्त्यांच्या मालकांचे भाडे बुडते. दुसरे, मध्यरात्रीही काही क्षणांत प्रतिस्पर्धी मिळतो तो बऱ्याचदा बॉटमुळेच. तिसरे, ओळखायचे कसे? संघ प्रोग्रामने सुचवला आणि बटण माणसाने दाबले, तर त्याला काय म्हणायचे? ओळखपत्र मागावे, तर टोपणनावाने वावरण्याच्या ब्लॉकचेनच्या रिवाजालाच धक्का बसतो.

तोडगा काय निघाला?

‘स्प्लिंटरलँड्स’ने खेळाचे दोन विभाग केले. अलीकडच्या संचांतील पत्त्यांचा ‘मॉडर्न’ आणि सर्व पत्त्यांचा ‘वाइल्ड’. पुढे ‘मॉडर्न’मध्ये बॉटना मनाई झाली, ‘वाइल्ड’मध्ये मुभा राहिली. लढायांवर ‘ऊर्जे’ची मर्यादाही आली, त्यामुळे न झोपणाऱ्या यंत्राचा फायदा कमी झाला. मात्र खाती वाढवून ही मर्यादा ओलांडता येते. खेळाच्या अनेक धोरणांवर एसपीएस टोकनधारक मतदान करतात. जितकी टोकन, तितकी मते. त्यामुळे बॉटचे मोठे मालक आणि हौशी खेळाडू यांचे वजन सारखे नसते.

भारतीय खेळाडूंसाठी काय?

क्रिप्टो टोकनवरील नफ्यावर १ एप्रिल २०२२पासून ३० टक्के कर आहे. पैशांचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास मनाई करणारा कायदा ऑगस्ट २०२५मध्ये संमत झाला. पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन यांनाही त्यात पणाला लावलेली रक्कम मानले आहे. त्यामुळे पत्ते विकत घेण्याआधी कायद्याची बाजू तपासलेली बरी.

खरा प्रश्न कोणता?

बॉट हा रोग नाही, लक्षण आहे. जिथे जिंकण्यापेक्षा वसुलीला महत्त्व येते, तिथे सर्वांत स्वस्त मजूर येणारच आणि यंत्राइतका स्वस्त मजूर दुसरा नाही. त्यामुळे नुसती पहारेकरी नेमून ही घुसखोरी थांबणार नाही. बॉट असलेले खाते उघडपणे तसे दाखवणे, माणसांसाठी बक्षिसांचा वेगळा वाटा राखणे आणि त्याचा हिशेब जाहीर करणे, एवढे तरी खेळ चालवणाऱ्या कंपन्यांनी केलेच पाहिजे. बक्षीस शून्य झाले तरी जो खेळ माणसे खेळत राहतील, तोच टिकेल. बाकीच्या खेळांत शेवटी बॉटच बॉटला हरवत बसतील आणि त्यांची बक्षिसे विकत घ्यायला कोणी उरणार नाही.